मधल्या पाण्यात

दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली, तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. आज चाकूरहून लातूरला येताना बसच्या खिडकीतून पाहिलं, कापून टाकलेलं सोयाबीन रानात तसंच पडलं होतं, भिजून काळं झालेलं. एका ठिकाणी गंजीवर ताडपत्री ओढायची धावपळ चालली होती आणि वारा ती ताडपत्री माणसांच्या हातातून हिसकून घेत होता. ओल्या भुसाचा, कुजू लागलेल्या शेंगांचा आंबूस वास बसमध्ये शिरला. मी काच ओढून घेतली.

घरी आले तर आईनंही खिडक्या लावून घेतल्या होत्या. भर दुपारी सगळं घर बंद, आणि ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. शेजारणीला वाटतं, दमट हवेनं तिचे गुडघे धरतात. मीही तसंच सांगते. लातूरच्या माणसांनी पाण्यासाठी टँकरमागं धावण्यात उमेदीची वर्षं घालवली. पाऊस आला की त्यांचे चेहरे अजून उजळतात. त्यांना कसं सांगायचं, की आमच्या घरातल्या म्हातारीला पत्र्यावर वाजणारा हा पाऊस ऐकवत नाही? मृगाचा पाऊस ती गॅलरीत बसून बघते, हात बाहेर काढून पागोळ्या झेलते. हा परतीचा मात्र तिला सोसत नाही. त्या एका वर्षापासून नाहीच.

आमचं गाव बिलोली तालुक्यात, गंगेच्या काठाला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आई तिकडची नव्हे, ती शिरूर अनंतपाळकडच्या माळरानावरची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी विहिरीच्या तळापर्यंत उतरावं लागायचं. लग्न होऊन ती गंगेच्या अलीकडच्या काठावर आली, आणि काही वर्षांनी तिची धाकटी बहीण कौसा, म्हणजे माझी मावशी, समोरच्या काठावरच्या गावात दिली. स्थळ आईनंच सुचवलं होतं. इतक्या लांब दोन्ही पोरी कशाला, म्हणून आजोबा कुरकुरले तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "मधी नुसती नदीच तर हाय."

आणि तेव्हा ते खरंही होतं. संक्रांत सरली की नदी उतरायची. माघ-फाल्गुनात तर उतारावरून चालत पलीकडं जाता यायचं. चपला हातात, परकर वर खोचलेला, पायांखाली गार वाळू, आणि घोट्यांना चावे घेत पळणारे बारके मासे. वाळवंटात टरबुजांचे वेल पसरलेले असायचे. समोरून मावशी यायची. आम्ही काठाला लागेपर्यंत तिला दम निघायचा नाही. ती पाण्यात उतरून पुढं चालत यायची आणि दोघी बहिणी नदीच्या मधेच भेटायच्या. तिथंच उभ्या राहून बोलायला लागायच्या. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत असायचं आणि मी आईचा पदर ओढत असायची, चल की गं, चल की.

मग खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी बारमाही थांबलं. दोन्ही काठांवर मोटारी बसल्या, ऊस उभा राहिला, पोरांची लग्नं थाटात झाली. कुणाची काही तक्रार नव्हती. वाळवंट गेलं, उतार गेला, टरबुजं गेली, हे मनाला लावून घ्यायला कुणाला सवड नव्हती. पुलावरून फिरून जायचं म्हटलं तर दोन गाड्या बदलाव्या लागत आणि दिवस मोडत असे. दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या. फोनवर बोलायच्या, पण फोनवर त्यांना नीट बोलता यायचं नाही. "बरी हाय का?" "बरी हाय," यापुढं गाडी जायची नाही. संध्याकाळी आई काठावर जाऊन उगीच उभी राहायची. एवढ्या लांबून काय दिसणार? समोरच्या देवळाचं शिखर आणि दोन-चार पत्र्यांची घरं, इतकंच.

पुढं गफूरमामानं नाव सुरू केली, तेव्हा येणंजाणं जरा सोपं झालं. गफूरमामा वडिलांचा दोस्त. बिलोलीच्या बाजारात त्याचं पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. त्यानं लोखंडी पत्र्याची नाव करून घेतली आणि तिच्यात विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलं. हँडल मारलं की ते आधी खोकायचं, धूर सोडायचं आणि मग टुकटुक टुकटुक करत चालायला लागायचं. पलीकडं रान असलेले शेतकरी, बाजाराला निघालेल्या बाया, एखाददुसरी सायकल, शेरडं असं सगळं त्या नावेतून जायचं. ते टुकटुक दोन्ही गावांत ऐकू यायचं.

त्या वर्षीही पाऊस असाच लांबला होता. मी दिवाळीच्या सुट्टीला गावाकडं गेले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आई एकटीच राहायची. मावशी आजारी होती हे ठाऊक होतं. नांदेडच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं होतं, आणि घरी का आणलं तेही सगळ्यांनी ओळखलं होतं. सकाळीच तिच्या मुलाचा, ज्ञानोबाचा फोन आला. "ताई, मावशीला घेऊन निघा," तो माझ्या आईबद्दल म्हणाला. "आई अजून बोलून राहिली. उशीर नका करू."

रस्त्यानं जाणं शक्य नव्हतं. रात्रीच्या पावसानं तिकडच्या ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला होता. उरली नाव. आम्ही काठावर गेलो तर गफूरमामा नावेतलं पाणी डब्यानं उपसत बसला होता. त्यानं आधी आभाळाकडं पाहिलं, मग पाण्याकडं.

"वैनी, आज नको," तो म्हणाला. "वरून लई घाण वाहून येऊन राहिली. पानी बेभरोशाचं हाय."

"गफूरभाई, माझी बहीण चाललीय," आई म्हणाली.

त्यानं डबा ठेवला आणि हँडल हातात घेतलं.

त्या दिवशीची गंगा मला अजून दिसते. आभाळ इतकं खाली आलेलं, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. दोन्हींचा रंग एकच, राखेसारखा. जलपर्णीची हिरवी बेटं वाहत चालली होती. एका बेटावर एक बगळा पाय ओढून उभा होता, कुठं चाललोय याची त्याला फिकीर नव्हती. आई नावेच्या पुढच्या टोकाला मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिची नजर समोरच्या शिखरावर होती. मी तिच्या पाठीकडं बघत होते. म्हाताऱ्या माणसाची पाठ किती लहान होत जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

मधल्या पाण्यात आलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. टुकटुक जड झालं, दोन ठोक्यांत अंतर पडायला लागलं. काळा धूर आला, नाव एकदा थरथरली आणि सगळं बंद. इंजिन थांबल्यावर जी शांतता पडते ती मला आधी माहीत नव्हती. पाण्यावर पडणारी भुरभुरसुद्धा ऐकू येत होती.

गफूरमामानं मागं वाकून पाण्यात हात घातला. नाव ढकलणाऱ्या पंख्याला जलपर्णीची मुळं गुंडाळली होती आणि मुळांत कुणाचं तरी फाटकं जाळं अडकलं होतं. त्यानं सदरा काढला, विळा घेतला आणि नावेची कड धरून पाण्यात उतरला. साठी उलटलेला माणूस. मी त्याचं एक मनगट धरून ठेवलं होतं. तो बुडी मारायचा, वर येऊन धापा टाकायचा, परत खाली जायचा. जाळ्याचा नायलॉन दोरा त्याच्या बोटांत रुतला होता. शेवटी ते सगळं लगदा होऊन वर आलं आणि वाहत गेलं.

त्यानं पुन्हा हँडल मारलं. इंजिन चालू झालं. मला हायसं वाटलं, मी आईकडं बघून हसलेसुद्धा असेन. पण समोरचं शिखर जवळ येईना. इंजिन धडधडत होतं, पत्रा हादरत होता, आणि नाव होती तिथंच.

"पिन तुटली," गफूरमामा म्हणाला. "इंजनाचा जोर पंख्यापत्तुर जाऊनच न्हाई राहिला."

हत्यारांच्या पेटीतला एक खिळा काढून त्यानं पिनेच्या जागी ठोकला. नाव थोडी सरकली, आणि टक्कन आवाज झाला. दुसरा खिळा घातला. तोही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी त्यानं इंजिन अगदी हळू ठेवलं, तोंडानं काहीतरी पुटपुटत राहिला, पण तो आवाज परत आलाच. त्यानं इंजिन बंद केलं.

"खिळा मऊ हाय. ह्याला पोलादी पिन पायजे," तो म्हणाला, आणि मग अगदी हलक्या आवाजात, "ती दुकानात हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ज्ञानोबाची बायको, सुनंदा. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं. मी फोन कानाला लावून बसून राहिले.

आईनं मागं वळून पाहिलं. "गेली ना?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

आई रडली नाही. तिनं नावेच्या कडेवरून उजवा हात पाण्यात सोडला आणि तसाच राहू दिला.

मग ज्ञानोबा फोनवर आला. तो काठावर उभा होता. "तुमी दिसून राहिलात इथून," तो म्हणाला. "आमी थांबतो. मावशीनं तोंड बघितल्याबिगर उचलायचं न्हाई." खरंच काठावर माणसं गोळा झाली होती. कुणीतरी पांढरा रुमाल हलवत होतं, पण तिकडं दुसरी नाव नव्हती. इतकं जवळ, आणि हाक पोचणार नाही इतकं लांब.

आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, माणसाच्या वाट्याला येणारी खरी अडचण ही अशीच असते. फार मोठी नसते. बोटाएवढी एक पिन. वादळ आलं असतं, नाव उलटली असती, तर दैवाला बोल लावता आला असता. इथं सगळं धड होतं. डिझेल होतं, इंजिन होतं, चालवणारा हुशार होता, पोचायचं गाव डोळ्यांसमोर होतं. आणि आम्ही पोचत नव्हतो.

गफूरमामानं बसायची फळी उपटली आणि तिचंच वल्हं करून वल्हवायला लागला. मीही डब्यानं पाणी मागं लोटत होते. लोखंडी नाव कसली ऐकते? ती जागच्या जागी हळूहळू फिरायला लागली. समोरचा काठ बाजूला गेला, मग पाठीमागं गेला, आमचं गाव समोर आलं. आई तिच्याबरोबर फिरत नव्हती. नाव जितकी फिरेल तितकी ती बसल्याजागी सरकायची आणि परत मावशीच्या गावाकडं तोंड करायची. दरवेळी. 

पश्चिमेकडून ढग चढत होते. आई बराच वेळ त्या ढगांकडं बघत राहिली.

"लाकडं झाकून ठेवली असतील का गं?" तिनं विचारलं.

"ठेवली असतील."

"झाकून किती राहतात." मग म्हणाली, "ज्ञानबाला फोन लाव."

मी लावून दिला. फोन दोन्ही हातांनी धरून ती बोलली, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"ज्ञानबा, थांबू नको बाबा. आभाळ बघ कसं आलंय. लाकडं भिजली तर तिचे हाल होतील." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. "न्हाई. माझं बघणं राहिलं तर राहिलं. मी तिला लई बघितलंय. तू उचल."

पुन्हा तो काही बोलला असावा, कारण ती थोडी थांबली. "माहेरचं लुगडं माझ्यापाशी हाय. ते राहू दे. म्या दिलेलं एखादं पेटीत असंल तिच्या. सुनंदाला म्हणावं, ते नेसव."

तेव्हा मला कळलं, मांडीवरच्या त्या पिशवीत काय होतं. बाईच्या शेवटच्या प्रवासाला माहेरचं वस्त्र लागतं. मावशीच्या माहेरचं म्हणून आता आई एकटीच उरली होती. बहीण बोलतेय असा निरोप आलेला असताना, तिला भेटायला निघताना, आईनं हिरवं लुगडं पिशवीत घातलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

गफूरमामा फळी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. "वैनी, माझ्यापायी झालं," तो म्हणाला. "फुकटचा भरोसा दिला तुमाला."

"तुमी कुठं दिला? तुमी न्हाईच म्हणत होता. म्याच काढलं तुमाला पाण्यात," आई म्हणाली. "हाताला बांधा काहीतरी. रक्त येऊन राहिलं."

त्यानं ओल्या सदऱ्यानं डोळे पुसले. हात तसाच राहिला.

काठावरची माणसं हलली. देवळाच्या खालच्या अंगाला गेली आणि झाडांआड दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळानं तिथून धूर वर आला. आधी बारीक, पांढरा, आहे की नाही असा. मग दाट. वाऱ्यानं तो पाण्यावर वाकवला आणि आमच्या दिशेनं आणला. आई उठून उभी राहायला लागली. नाव हलली, तसं गफूरमामानं तिला कोपराला धरून सावरलं. तिनं हात जोडले. मग वाकून गंगेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सोडलं. असं तीनदा. तिच्या पलीकडं गफूरमामा दोन्ही तळहात उघडून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होता. मी नावेतलं पाणी उपसत राहिले.

मग पाऊस आला, आणि पावसाबरोबर वारा फिरला. मघाशी हवा होता तो वारा. त्यानं नाव ढकलत ढकलत पलीकडच्या काठाला, गावाच्या बरंच खाली, बुडालेल्या बाभळींत नेऊन घातली. मधल्या खोल पाण्यात पुरला नव्हता तो नावेतला बांबू तिथं तळाला टेकला. गफूरमामा बांबू रेटत होता, मी फांद्या धरून नाव ओढत होते. काट्यांनी हात सोलून निघाले. उतरलो ते उसाच्या चिखलात. तिथून बांधाबांधानं चालत गेलो तेव्हा चिता पेटलेली होती. पाऊस पडत होता, पण लाकडांनी नीट धरलं होतं. ज्वाळा पावसाला दाद देत नव्हत्या. आई म्हणाली होती तेच बरोबर होतं. अजून थोडं थांबले असते तर कठीण होतं. ज्ञानोबानं हे तिला सांगितलं, पाया पडून. बाया तिथवर जात नाहीत, पण आई सरळ पुढं गेली आणि तिला कुणी अडवलं नाही.

पुढं गफूरमामानं नाव बंद केली. पोलादी पिन लगेच बसवली होती म्हणे, पण त्याचा हात हँडलला जाईना. ते इंजिन आता कुणाच्या तरी रानात पाणी ओढतं. नाव काठावर उपडी पडलीय, तिच्या पत्र्याला भोकं पडलीत. आई त्याच हिवाळ्यात माझ्याकडं लातूरला राहायला आली. मी किती वर्षं बोलवत होते, तेव्हा आली नव्हती. आता आपणहून आली. कारण विचारलं तर म्हणाली, "तिथं संध्याकाळी काय करायचं तेच कळंना."

ते हिरवं लुगडं माझ्या कपाटात आहे. एकदा आवराआवर करताना मी ते कुणाला तरी द्यायला काढलं. आईनं माझ्या हातातून घेतलं, घडी नीट केली आणि परत ठेवलं. "राहू दे," म्हणाली. "माझ्या येळंला माहेरचं कोण आणणार हाय आता?" मी कपाट लावून घेतलं.

पण त्या दिवसाचं एवढंच आठवत नाही. त्या दिवसाची संध्याकाळही आठवते.

मावशीच्या घरी चूल पेटवायची नव्हती. शेजारपाजाऱ्यांनी भाकरी-पिठलं आणून दिलं होतं. कडू घास म्हणतात त्याला. तो गोड लागत नाही, पण खावा लागतो. ओसरीवर ताटं मांडली. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एका कोपऱ्यात बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं, ते प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आईपुढं ताट ठेवलं तर तिनं ते बाजूला सारलं. ज्ञानोबानं विनवलं. गावातल्या म्हाताऱ्या बायांनी समजावलं, खावं लागतं माय, रीत हाय. मीही हात धरून पाहिला. ती न्हाई म्हणत होती, इतकंच, आणि पावसाकडं बघत होती.

मग सुनंदा आतून आली. दिवसभराच्या रडण्यानं तिचा आवाज बसला होता. ती आईच्या गुडघ्याजवळ टेकली.

"मावशी," ती म्हणाली, "सकाळी फोन झाल्यावर म्या सासूबाईंला सांगितलं, तुमच्या अक्का निघाल्यात म्हणून. डोळे झाकलेलेच होते. मला वाटलं, ऐकूच गेलं न्हाई. मग जरा वेळानं म्हनल्या, जेवून निघाली का, विचार."

आई तिच्याकडं वळली.

"म्या म्हनलं, विचारते. मग गडबडीत फोन करायचं राहून गेलं. त्याच्या मागून त्या काही बोलल्याच न्हाईत."

आई सकाळपासून उपाशी होती. चहाचा कप तसाच ठेवून ती घराबाहेर पडली होती. तिनं हात लांब करून ताट ओढून घेतलं. भाकरी गार झाली होती, पिठल्यावर साय धरली होती. तिनं एक घास मोडला, तोंडात घातला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. रडतच ती चावत राहिली. कुणी तिला थांब म्हणालं नाही, कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिनं अख्खी भाकरी संपवली.